आर्मेनियन पियानोला माझी दाद

६ नोव्हेंबर १९९६, क्योतो
इथे येऊन दोन वर्षं झाली. स्वरूपाची पीएचडी निम्मी उरकली. मी काय करतो? जळणारा कचरा आणि न जळणारा कचरा वेगळा करतो. पण आज फोन आला! क्षिप्राचा. आई मराठी, वडील जपानी, स्वतः दुभाष्याचं काम करते. एक आर्मेनियन पियानिस्ट बाई इथे सीडी रेकॉर्ड करणार आहेत, त्यांच्याकडचं शास्त्रीय आणि लोकसंगीत. पानं उलटायला ठरलेली मुलगी आजारी पडलीय. विचारत होती, तुम्हाला नोटेशन वाचता येतं का? म्हटलं, म्हणजे काय! पेटीच्या तीन परीक्षा दिल्यात. स्वर ते स्वरच.

सीडीच्या पुस्तिकेत सगळ्यांची नावं छापतात म्हणे. सासऱ्यांना लगेच पत्र टाकलं. बाळासाहेब दर पत्रात विचारतात, जावईबापू सध्या काय करतात? आता बघा म्हणावं.

११ नोव्हेंबर, सकाळ
रेकॉर्डिंग तीन दिवस. हॉल रिकामा आणि गारठलेला. चहा नाही. डायरेक्टर ओनो-सान काचेमागे बसतात. अराक्सीबाई ठेंगण्या, साठीच्या. त्या मान हलवतील तेव्हा पान उलटायचं, बास. मग नोटेशनचं विचारलं कशाला?

संध्याकाळ
वैताग. पहिलंच लोकगीत. बाईंनी अशी जागा घेतली की तोंडून "वाहवा!" गेलंच. आता चांगल्या जागेला दाद द्यायची नाही? आपल्याकडे मख्ख बसणाऱ्याला कोणी पुढे बसवत नाही. इथे सगळे मख्ख. ओनो-सान पळत आले, परत घेऊ म्हणाले. दुसऱ्या वेळी "आहाहा". तिसऱ्या वेळीही. चार वेळा घेतलं. बाईंचीच तयारी कमी असणार.

निघताना ओनो-साननी मला मास्क दिला. मला सर्दी झालीय असं वाटलं बहुतेक. बोलत नाही, पण माणूस मायाळू.

१२ नोव्हेंबर
निश्चय: तोंड बंद. मास्क लावून बसलो. नाचाची चाल निघाली सात मात्रांची. थेट आपला रूपक ताल! मांडीवर ताल धरला, अगदी हळू. खालीच्या मात्रेला हात बाजूला गेला आणि नेमकी तेव्हाच बाईंनी मान हलवली. मी घाईने उलटायला गेलो तर दोन पानं एकदम गेली. यांचा कागदच फार पातळ.

नंतर क्षिप्राकडून ओनो-सानचा निरोप. हेमचंद्र-सान, दमला असाल, उद्या विश्रांती घेतलीत तरी चालेल. केवढी माणुसकी! म्हटलं, छे हो, उद्या तासभर आधीच येतो. एवढंसं वाक्य, पण क्षिप्राला जपानीत सांगायला फार वेळ लागला.

स्वरूपा म्हणाली, अरे, ते तुला येऊ नकोस म्हणतायत. लॅबमध्ये राहून राहून संशयी झालीय.

१३ नोव्हेंबर, दुपार
शेवटची रचना, अंगाई. बाईंची आजी कत्तलीच्या वेळी घरदार सोडून पायी निघाली, तेव्हा वाटेत कडेवरच्या पोराला हेच म्हणायची. क्षिप्राने सांगितलं. दोनच पानं. सकाळपासून अकरा वेळा वाजवली, बाईंच्या मनाला येईना. शेवटी तर रागाने स्वतःच्याच बोटांना चापट मारली.

बाराव्या वेळी मात्र काय वाजवलं! खोटं कशाला लिहू, आई आठवली. डोळे भरून आले, मास्क ओला झाला. पान नीट उलटलं, एकच. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. दात आवळले. शेवटचा सूर विरत होता. विरतच होता. किती वेळ विरावं सुराने! मी म्हणालो, "क्या बात है!"

ओनो-सान काचेमागे डोकं धरून बसले. बाईंनी पियानोचं झाकण लावलं. म्हणाल्या, झाली. अशी पुन्हा वाजायची नाही, आणि मी वाजवणारही नाही. ओनो-साननी खूप विनवलं, बाई ढिम्म. म्हणजे माझ्या दादेवरच शिक्कामोर्तब! आता नाव कुठे जात नाही. बाळासाहेबांना दुसरं पत्र.

१४ मार्च १९९७
सीडी आली. पुस्तिका जपानीत, म्हणून स्वरूपाला वाचायला बसवलं. पियानो जुळवणारे आहेत. हॉल उघडून देणाऱ्या आजी आहेत. जेवणाचे डबे पुरवणारा आहे. मी नाही. परत वाचायला लावलं. नाही! आणि ती आजारी पडलेली मुलगी आहे! एक पान उलटलं नाही तिने.

तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती. स्वरूपा ती वाचेना. फारच मागे लागलो तेव्हा ओठ चावत वाचली: "शेवटच्या रचनेच्या अखेरीस रेकॉर्डिंगच्या वेळचा गोंगाट आहे. क्षमस्व."

गोंगाट!

जेवलो नाही. स्वरूपाने अंगाई लावली. म्हणाली, खरंच सुंदर वाजवलंय रे. नंतर सीडीत मी आलो, "क्या बात है!"

संध्याकाळ
नीट विचार केला. बाळासाहेबांना जपानी कुठे येतंय? त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारतो आणि लिहितो, हा मी. खोटंही नाही. दोन पत्रं गेलीत, काहीतरी धाडायलाच हवं.

साडेसात
रेघ मारली. पाकिटावर पत्ता घातला. पुस्तिका आत सरकवताना उलटी झाली. मागच्या बाजूने सगळं इंग्रजीत आहे.