पडद्यावरचा देखणा माणूस आणि भाऊजींची छत्री

प्रिय एडिथताईस,

धाकट्या ल्यूथरचा सप्रेम नमस्कार. देवाच्या दयेने इकडे सर्व ठीक आहे. डावे कोपर तेवढे भाजले आहे, त्याचे कारण पुढे येईल. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींची पाठ? नाताळात मी तुमच्याकडून आणलेली काळी छत्री परत पाठव, असे तू पुन्हा लिहिलेस. त्याबद्दल शेवटी लिहितो.

तर ताई, मी सिनेमाला जाऊ लागलो आहे. (पत्र खाली ठेवू नकोस, पुढे वाच.) आमच्या थिएटरात मंगळवारी प्रत्येक बाईला तिकिटावर चिनी मातीचे एक भांडे फुकट मिळते. त्यामुळे चर्चमधल्या निम्म्या बाया तिथेच असतात, आणि पाद्रीणबाई सुपाच्या बशा जमवू लागल्यापासून पाद्रीसाहेबांनी सिनेमाऐवजी जुगाराविरुद्ध प्रवचने सुरू केली आहेत. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या हेस्टरबाई तुला आठवत असतील (त्या विधवा, तुझ्या मते माझ्यासाठी जरा जास्तच उंच). त्यांची भांडी सांभाळून घरी न्यायला कोणीतरी हवे होते, म्हणून मी जाऊ लागलो. सेवाभाव म्हण.

बहुतेक सिनेमे ज्युलियन थॉर्नक्रॉफ्ट या नटाचे असतात. पडद्यावर हा गृहस्थ पोटासाठी काय करतो ते शेवटपर्यंत कळत नाही. काळा कोट घालून तो शेकोटीवरच्या फळीला कोपर टेकतो, एक भुवई उचलतो, की समोरची बाई आपले ठरलेले लग्न मोडते. आता ते लग्न ज्याच्याशी ठरलेले असते त्याचा विचार कर. तो बिचारा दर सिनेमात असतो. सज्जन, पक्क्या नोकरीचा, आईला पत्रे लिहिणारा, आणि आभाळ निरभ्र असले तरी हातात छत्री. लोक त्याला हसतात. हेस्टरबाईही हसायच्या. मला मात्र त्याच्यात माझाच चेहरा दिसू लागला. हेस्टरबाईंना लग्नाचे विचारायचे माझ्या मनात होते, आणि प्रार्थनेला बसलो तरी मध्येच थॉर्नक्रॉफ्ट भुवई उचलायचा.

शेवटी देवाची क्षमा मागून मी त्याचीच रीत उचलली. रविवारी जेवण झाल्यावर हेस्टरबाईंच्या बैठकीत कोपर टेकले. त्यांची शेकोटी भिंतीतली नाही, लोखंडी आहे, आणि ती पेटलेली होती. माझ्या दोन्ही भुवया वर गेल्या. "लोणी लावू का?" एवढेच त्या म्हणाल्या.

मंगळवारी रश्शाचे चोचवाले भांडे मिळाले, त्यांच्या सेटमधले शेवटचे. ते माझ्या मांडीवर होते. पडद्यावर ती मुलगी थॉर्नक्रॉफ्टच्या मोटारीत बसून निघून गेली, आणि तो बिचारा पावसात छत्री उघडून उभाच राहिला. मी कधी उठलो ते मलाच कळले नाही. "अहो, पण त्या माणसात वाईट काय आहे?" असे मी सगळ्या थिएटरला विचारले आणि भांडे खाली पडले. (भांडे फुटले की सर्वांनी टाळ्या वाजवायच्या, अशी इथली पद्धत आहे. मागून कोणीतरी म्हणाले, "बस की खाली, ल्यूथर, तुझं लग्न नाही मोडलं.")

बाहेर पाऊस होता. मी छत्री उघडली. अर्ध्या रस्त्यात हेस्टरबाई छत्रीखाली जरा आत सरकल्या. मग म्हणाल्या, "मूर्खच ती मुलगी. मोटारीला टपसुद्धा नव्हता. चिंब भिजली असेल." आणि जरा वेळाने, "तुमची छत्री चांगली मोठी आहे हो."

मी धीर करून विचारून टाकले. "सेट पुरा होऊ द्या, मग बघू," असे त्या म्हणाल्या, पण हात माझ्या भाजलेल्या कोपरात अडकवला. घर येईपर्यंत मी हूं की चूं केले नाही.

तुझा भाऊ,
ल्यूथर

ता. क. तुमच्या थिएटरानेही हाच सेट वाटला होता. त्यातल्या रश्शाच्या भांड्यात तू बटणे ठेवतेस. बटणे काढून घे आणि भांडे भरपूर पेंढ्यात बांधून पाठव.

आणखी एक. छत्री मिळणार नाही. भाऊजींचे लग्न केव्हाच होऊन गेले आहे. आता ते भिजले तरी चालेल.