घडीची खुर्ची, पिवळे बूट आणि एक कबुली

मी, खाली सही करणारा, वय एकतीस, शिक्षण नववी (दहावीची पुस्तकं घेतली होती), धंदा आधी रिंगमधला पैलवान आणि आता त्याच कुस्तीचा टीव्हीवरचा समालोचक, असं लिहून ठेवतो की आज माझं डोकं ठिकाणावर आहे, कोणी दम देऊन हे लिहवून घेतलेलं नाही आणि मी नशापाणी केलेलं नाही. इथला चहा प्यायलो आहे, पण तो धरण्यासारखा नाही.

कारण असं की उद्या सकाळी माझ्या मानेचं ऑपरेशन आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मान पुढून उघडावी लागते. आवाजाची नस तिथूनच जाते. बहुतेकांचा आवाज परत येतो."

"आणि बाकीच्यांचा?"

"बाकीचे लिहून सांगतात."

जिवाचं मला फारसं वाटत नाही, पण आवाजावर माझं पोट आहे. म्हणून आधीच लिहायची सवय करतो आहे. शेजारच्या खाटेवर पाय प्लास्टरमध्ये घालून पडलेले काका कोर्टात टंकलेखक होते. तेच कलमं कशी पाडायची ते सांगताहेत.

कलम १. माझी राहती खोली भाड्याची असल्यामुळे ती कोणाला देता येत नाही. किल्ली घरमालकीणबाईंना परत करावी. दहा वर्षं त्या मला जिन्यात अडवून विचारत आल्या, "पण तुम्ही नक्की करता काय?" मी सांगायचो, "लोकांच्या अंगावर उड्या मारतो." त्या म्हणायच्या, "सांगायचं नसेल तर राहू दे." त्यांनी कॅलेंडरमागची भिंत बघू नये. बघितलीच तर तो खड्डा माझ्या खांद्याचा आहे.

कलम २. बँकेत जे काही आहे ते सगळं आईला. इथं सांगायला हवं की आमच्या कुस्तीत कोण जिंकणार हे आधीच कपडे बदलायच्या खोलीत ठरतं. बघणाऱ्यांनाही ते माहीत असतं आणि तरी ते घसा फाडून ओरडतात. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. आई मात्र सकाळीच फोन करायची. "आज हरणार आहेस का? तसं असेल तर आत्ताच सांग, म्हणजे मी स्वयंपाक उरकून रडायला बसते."

या धंद्यात मी ठरवून आलो नाही. सोळाव्या वर्षी घर सोडलं. बर्फाच्या कारखान्यात राहिलो, तिथं थंडी वाजली म्हणून भट्टीवर गेलो, तिथं उकडलं म्हणून मांडव घालणाऱ्यांबरोबर फिरलो. एका गावी कुस्तीवाल्यांची रिंग बांधत होतो. त्यांच्या एका पैलवानाचं पोट बिघडलं. मालकानं त्याची चड्डी मला चढवली. ती सैल होती, त्यामुळे पहिली कुस्ती मी एका हातानं लढलो. लोकांना वाटलं, हा मुद्दाम एक हात राखून लढतोय. तिथल्या तिथे माझं नाव 'वावटळ' पडलं.

(टंकलेखक म्हणतात, हे मृत्युपत्र आहे, प्रवासवर्णन नाही.)

कलम ३. घडीची लोखंडी खुर्ची ताईला द्यावी. ही खुर्ची सहा वर्षं माझ्या पाठीत घातली जात होती. मधली पट्टी माझ्याच पाठीच्या आकाराची झाली असल्यामुळे बसायला आरामशीर आहे. ताईनं एकदा रिंगजवळ येऊन खुर्ची मारणाऱ्याला विचारलं होतं, "तुला घरी कोणी बसायला शिकवलं नाही का?" तो पुढचा डाव विसरला.

कलम ४. कानावरचे हेडफोन आणि माझी शब्दांची वही माझे सहसमालोचक सूटवाले यांना. वहीत 'आपटला' या अर्थाचे तीनशे शब्द आहेत. सूटवाल्यांकडे एकच वाक्य आहे, "काय सांगता," आणि ते त्यांनी आजवर वीज गेल्यावरसुद्धा म्हटलेलं आहे. वही एका अटीवर: माइक चालू असताना त्यांनी बिस्किटं खाऊ नयेत. लोकांना वाटतं पैलवानाचं हाड मोडलं.

कलम ५. माझे रिंगमधले पिवळे बूट बुलडोझरला द्यावेत.

बुलडोझर म्हणजे मला सहा वर्षं डोक्यावर उचलून आपटणारा माझा जोडीदार. अंगानं कपाट, पण कबुतर फडफडलं की खाली बसतो. आपटणं वाटतं तेवढं सोपं नसतं. ज्याला उचललंय त्यानं उचलणाऱ्याचं मनगट धरून ठेवायचं. एकदा दाबलं म्हणजे 'तयार आहे, टाक'. दोनदा दाबलं म्हणजे 'थांब'. आमच्या धंद्यात बाकी सगळं नाटक, एवढंच खरं.

सात वर्षांपूर्वी त्यानं मला उचललं आणि मी मानेवर पडलो. माझी कुस्ती संपली. चॅनेलला माझी दया आली आणि माझ्या हातात माइक आला. त्या पडण्याचं चित्रण चॅनेल दर वर्षी दाखवतं आणि दर वर्षी मी त्यावर बोलतो, "बघा, इथं बुलडोझरचा हात सुटला. इथंच एका पैलवानाचं आयुष्य कोसळलं." हे मी असं म्हणतो की सूटवाल्यांनी एकदा हातातलं बिस्किट खाली ठेवलं होतं. बुलडोझरबरोबर मात्र परत कोणी रिंगमध्ये उतरलं नाही. हा माणूस पाडतो, असं झालं. तो आता लोकांच्या घरी फ्रिज पोचवतो. आजवर एकही पाडलेला नाही.

खरं असं आहे. मी त्याचं मनगट एकदा दाबलं, तयार म्हणून. तेवढ्यात समोर, त्याच दिवशी पहिल्यांदा लावलेल्या मोठ्या पडद्यावर, मी दिसलो. फार छान दिसत होतो. फक्त केस डोळ्यांवर आले होते. ते मागे घ्यायला मी हात सोडला.

माझ्या मृत्यूनंतर हे कलम चॅनेलवर वाचून दाखवावं.

टंकलेखकांनी एवढं वाचून चष्मा काढला. "मृत्यूनंतर का?"

"आधी वाचलं तर माझी नोकरी जाईल."

"आणि त्याची गेली ती?"

यावर मी त्यांच्या पायाची चौकशी केली.

पुरवणी, त्याच दिवशी, भेटीच्या वेळेत. दोन साक्षीदार लागतात. एक टंकलेखक. नर्सबाई नियमावर बोट ठेवून निघून गेल्या. भेटायला आलेल्या ताईनं मला न विचारता कोणाला तरी फोन केला आणि दारातून वाकून बुलडोझर आत आला, फ्रिजच्या कंपनीचा शर्ट घालून.

"सही पाहिजे म्हणे."

टंकलेखक म्हणाले, "ज्याला यातून काही मिळतंय त्यानं साक्षीदार होऊ नये. झालात तर तुमचं मिळणं बाद."

"मला काय मिळतंय?"

"याचे बूट."

बुलडोझरनं स्वतःच्या पायाकडे पाहिलं. "हे माझ्या अंगठ्याला होतील. आणा पेन."

"साक्षीदारानं मजकूर वाचायची गरज नसते," टंकलेखक म्हणाले. "पण तुम्ही वाचा."

तो ओळीवर बोट ठेवून वाचतो. पाचव्या कलमावर बोट थांबलं. मी सलाइनचे थेंब बघत राहिलो.

"केस?" तो म्हणाला.

"हो."

"मला वाटलं माशी बसली असेल."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"अरे, मनगट माझंच होतं ना."

"मग सात वर्षं बोलला का नाहीस?"

"आधी तुझ्या मानेला पट्टा होता. मग तुझ्या हातात माइक आला. मधे बोलायला जागा कुठं होती?"

मी त्याच्यापुढं पेन धरलं.

पेन न घेता तो म्हणाला, "मेल्यानंतरचं मला नको. उद्या आवाज गेला तर तू लिहून सांगणार, आणि तुझं अक्षर कोणाला लागतं?"

ताईनं चित्रण चालू करून फोन माझ्यासमोर धरला होता. "उठून बस," ती म्हणाली, "आणि नीट सांग."

मग मी पाठीला उशी लावून ती कुस्ती पहिल्यापासून सांगितली, त्याच आवाजात, माझी सगळी वही वापरून. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं कोपरावर उठली. "आणि इथं, बघा, वावटळीनं हात सोडला. बुलडोझरनं नाही. वावटळीनं, केसांसाठी." कोपऱ्यातल्या एकानं विचारलं, "मग पुढं?" मी म्हणालो, "पुढचं हा सांगेल, हा फ्रिज पोचवतो." मी परत एकदा बघून घेतो म्हणेपर्यंत ताईनं ते चॅनेलला पाठवलंसुद्धा. तिथल्या साहेबांचं उत्तर अजून नाही. सूटवाल्यांचं आलं आहे: "काय सांगता."

सबब कलम ५ मधली कबुली मी जिवंत असतानाच बजावली गेल्यामुळे रद्द. बूट आता घरमालकीणबाईंना द्यावेत, मी काय करत होतो याचा पुरावा म्हणून.

लिहून ठेवणाराची सही.

साक्षीदार १: टंकलेखक. (शेरा: मजकूर विषयाला धरून नाही, परंतु शुद्धीत लिहिलेला आहे.)

साक्षीदार २: बुलडोझर.

ठिकाण: हाडांचं रुग्णालय, तिसरा मजला, खिडकीकडची खाट.

दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवसाचा.

ता. क. सही झाल्यावर बुलडोझरनं मनगट पुढं केलं. "तयार?" मी दोनदा दाबलं. भेटीची वेळ संपल्याची घंटा होऊन गेली आहे. नर्सबाई दोनदा येऊन त्याच्याकडे बघून गेल्या. तो अजून इथंच आहे.