बाहुलीत खरं काही

सोमवार, ३ तारीख

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, माझं दोन पिशव्यांत मावलं. नवी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. नळ गळका, खिडकीला पडदा नाही, पण सकाळचं ऊन थेट उशीवर येतं. मी जाम खूश आहे. नोकरी तर मनासारखी: जगभरच्या कचेऱ्यांतल्या संगणकांत शिरणारे व्हायरस पकडायचे आणि त्यांची चिरफाड करायची. आमच्याकडे त्यांना सरळ ‘कीड’ म्हणतात. तीन महिने कच्ची नोकरी, मग पक्की. आमच्या प्रमुखांना सगळे पाठीमागे हेडबाई म्हणतात आणि मला वाटतं त्यांना ते ठाऊक आहे. फोन दाराशीच कपाटात ठेवून आत जावं लागतं, म्हणून मधल्या सुट्टीत लिहायला ही कागदी वही घेतली.

संध्याकाळी आईला फोन केला. बाबा गेल्यापासून ती दोन तासांवरच्या गावी एकटीच असते. दर रविवारी फोन करीन असं कबूल केलं. शिवाय तिला बजावलं की माझ्या नावानं कुणी फोन केला तर आधी आपल्या दोघींनाच ठाऊक असलेलं विचारायचं. प्रश्नही ठरवला: बाबांच्या चष्म्याची मोडकी काडी कशानं बांधली होती? हिरव्या लोकरीनं. आई म्हणाली, थांब, लिहून ठेवते. म्हटलं, अगं माझे आई, तेच तर करायचं नाही!

गुरुवार, ६

तीन देशांतल्या तीन कचेऱ्या मिळून एकाच किडीचा पाठलाग करतात. आमचा दिवस संपला की पश्चिमेकडचे बसतात, त्यांचा संपला की पूर्वेकडचे. इथे त्यांची नावं मावळतवाले आणि उगवतवाले. उगवतवाल्यांचे प्रमुख इतके जुने की सगळे त्यांना आजोबा म्हणतात. कुणी कुणाला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, पण रोज पाळी सोपवताना एक नोंद भरून पाठवायची आणि त्या नोंदीवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा. लग्नंसुद्धा इतक्या भरवशावर होत नसतील.

मला काम मिळालं बाहुलीचं. बाहुली म्हणजे किडीसाठी मांडलेला आमिषाचा संगणक. कीड हुशार असते, रिकाम्या संगणकात ती जागीच होत नाही. म्हणून त्यात एक खोटं माणूस वसवायचं: त्याची पत्रं, फोटो, सामानाच्या याद्या, अर्धवट राहिलेली कामं. रोज संध्याकाळी बाहुली पुसून पुन्हा कोरी करतात. पाळीच्या नोंदीतला शेवटचा प्रश्न कधी बदलत नाही: बाहुलीत खरं काही ठेवलं आहे का? हो किंवा नाही.

सोमवार, १०

सध्याची कीड महाखट आहे. ती पैसा चोरत नाही, काही मोडत नाही. माणसाच्या नावानं त्याच्या लोकांशी बोलू लागते, एवढंच. तिन्ही देशांत तक्रारी आहेत. पण आमच्या बाहुल्यांत ती ढिम्म झोपलेली. माझी खोटी बाई तिला पटत नाही. पटावी कशी? मी रचलेली पत्रं वाचून मलाच जांभई आली.

हेडबाई जाता जाता म्हणाल्या, आणखी दोन दिवस बघू, मग हे काम दुसऱ्या कुणाला देऊ. दिवसभर जिवाला स्वस्थता नाही.

मंगळवार, ११

जागी झाली! अख्खी खोली माझ्या खुर्चीभोवती. मावळतवाल्यांनी टाळ्या पाठवल्या. आजोबांनी विचारलं, पोरी, आम्हाला दोन महिने जमलं नाही ते तुला कसं जमलं?

इथे लिहायला हरकत नाही. मी आईला लिहिलेली खरी पत्रं घातली. तिचे आवाजातले आठ निरोप, माझे काही, आणि माझ्या खोलीचा फोटो. एका दिवसापुरतंच, संध्याकाळी सगळं पुसलं जाणारच होतं. नोंदीत ‘नाही’वर खूण केली.

रविवार, १६

आईला फोन केला. ती म्हणाली, आज दुसऱ्यांदा? मला कळेना. ती म्हणाली, रोज तर करतेस आता, बुधवारपासून. किती गोड बोलतेस. घाईत नसतेस.

हिरव्या लोकरीचं विचारलंस का, म्हटलं. ती म्हणाली, विचारलं ना, तू लगेच सांगितलंस.

लोकरीचं मी बाहुलीत ठेवलेलं नाही.

मग ती हळूच म्हणाली, बाबा गेले त्या दिवशी फोन का उचलला नाहीस ते सांगितलंस, माझ्या मनावरचा धोंडा उतरला. मी कधी विचारणार नव्हते.

ते खरं कारण मी कुणाला बोललेले नाही. कुठे लिहिलेलं नाही. या वहीतही नाही. तिला सांगायला हवं होतं की ती मी नव्हे. पण तिचा आवाज इतका हलका झाला होता. मी हं म्हटलं आणि फोन ठेवला.

सोमवार, १७

बाहुली तीनदा पुसली. मग तिची तार ओढली. संध्याकाळी आईला विचारलं. आजचा फोन येऊन गेला होता.

दुपारी आजोबांचा लाल खुणेचा निरोप आला होता. लाल म्हणजे वाचणाऱ्यानं शेजारच्या टेबलालाही सांगायचं नाही. त्यांच्याकडच्या एकीनं बाहुलीत आपल्या बहिणीची खरी पत्रं ठेवली होती म्हणे. बाहुली जाळून टाकली तरी बहिणीला पत्रं येत राहिली. आता बहीण तिला ओळखत नाही. किडीचे अड्डे, म्हणजे ती जिथून चालते ते संगणक, तिन्ही देशांत आहेत, तिघांनी एका क्षणी बंद केले तरच ती मरते, आणि तेही जागी झाल्यापासून आठवड्याच्या आत. म्हणून खरं सांग, तू काही ठेवलंस का? नसेल तर अड्डे चालू ठेवून तिचा अभ्यास करू. उद्यापर्यंत वेळ आहे.

खाई त्याला खवखवे. कच्ची नोकरी, त्या टाळ्या, हेडबाईंचा चेहरा, सगळं डोळ्यांपुढे आलं. ‘नाही’ लिहिलं. पुन्हा.

मंगळवार, १८

झोप नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन तिन्ही कचेऱ्यांना लिहिलं: मी खोटं बोलले, खरी पत्रं होती, आजच्या आज अड्डे बंद करा.

आजोबांचं उत्तर दहा मिनिटांत. तुमचा खुलासा आधीच पोचला आहे. बाहुलीत खरं काही नव्हतं, हे तुम्ही पुराव्यानिशी दाखवलंत. तुमच्या नावानं कुणीतरी उलटं लिहील, असा इशाराही तुम्हीच दिलात. आभार.

मी असा कुठलाही खुलासा —

कचेरीतल्या फोनवरून लावला. आजोबांनी माझा आवाज ऐकला आणि शांतपणे म्हणाले, मघाशी बोललेली बाई तुमच्यापेक्षा खरी वाटली.

बुधवार, १९

आठवडा संपला. कार्ड लावलं, दार उघडलं नाही. हेडबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, चौकशी होईपर्यंत घरी राहा. त्यांच्या नजरेत राग नव्हता. ओळखही —

आई फोन उचलत नाही. बारा वेळा. तेराव्यांदा लागला. आणि ती कुणाशी तरी हसत बोलत होती. बाबा गेल्यापासून तिला असं हसताना — मग बंद.

उद्या पहिल्या गाडीनं.

गुरुवार, २०

आईच्या दाराबाहेर. जिन्यावर बसून लिहितेय. सकाळचे नऊ.

बेल वाजवली. साखळी लावूनच दार उघडलं. मला पाहून आई मागे सरकली. चष्म्याचं विचार, म्हटलं. तिनं विचारलं नाही तरी ओरडले, हिरवी लोकर! तिचा चेहरा उतरला. म्हणाली, ती म्हणालीच होती, तू हेच सांगशील. तो प्रश्न आम्ही मंगळवारी बदलला.

मीही बदलला असता.

मग नवा विचारला. बाबा गेले त्या दिवशी फोन का उचलला नाहीस?

उत्तर मला माहीत आहे. मलाच माहीत असायला हवं. तोंड उघडलं आणि चार वर्षं सांगत आले तेच बाहेर पडलं, की फोन बंद पडला होता.

आई रडली नाही. म्हणाली, ती खरं बोलली. दार लावलं. कडी. वरची कडीसुद्धा —

आत बोलतेय. हसतेय —

माझा फोन वाजतोय. आईचाच नंबर.

उचलला. आई नाही. माझाच आवाज, घाई नसलेला. म्हणाला, लिहिणं थांबवू नकोस, फक्त एवढं सांग, या वहीत खरं काही ठेवलं आहे का?

हो म्हटलं. हो. आई ऐकत असेल तर — त्या दिवशी फोन चालू होता, माझ्या हातातच होता, वाजत होता, आणि मी