गिरणीवालीचा शेवट

सोमवार, ४ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. तिकडे तूही ठीक असशील असं धरून चालतो, कारण तसं धरलं नाही तर मला जेवण जात नाही. तुझ्या खोलीच्या दाराला आतून कडी आहे ना? नुसत्या लॅचवर विसंबू नकोस. लॅच बाहेरून पट्टी घालून उघडता येतं, असं शेजारच्या सुतारानंच मला सांगितलं, आणि सांगताना हसला. ते हसणं मला बरं वाटलं नाही.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. दुकान खाली, आपली खोली वर, मधे तो लाकडी जिना. कुठेही उभा राहून बोललो तरी तुझ्या आईला ऐकू जातं. उत्तर लिहिलंस तर कोपऱ्यावरच्या औषधवाल्याच्या पत्त्यावर पाठव. माणूस भला आहे, फक्त बोलतो फार.

दुकान चालू आहे. मी आपला काजं-बटणं आणि इस्त्री बघतो. कापायचं काम तुझ्या आईनं सध्या जरा कमी केलंय. वय झालं, दुसरं काही नाही. बेकरीवाल्याच्या कोटाची एक गंमत झाली, ती पुन्हा कधीतरी.

सांगायचं होतं ते वेगळंच. दुपारी गिऱ्हाईक नसतं. एके दिवशी तुझी आई एकदम म्हणाली, "तिच्या फळीवरचं ते जाडं पुस्तक काढा आणि मोठ्यानं वाचा. कळू दे तरी, माझ्या पोरीला कशानं नेलं ते."

मी म्हटलं, "अगं, माझी सातवीसुद्धा धड नाही."

"मग? मला कुठे गाडी पकडायची आहे?"

तेव्हापासून रोज वाचतो. ओळीखाली बोट ठेवून. जोडाक्षर आलं की थांबतो, मागे जातो, पुन्हा उडी मारतो. आई म्हणते, नवीन घोडा पाणी बघून अडतो तसे अडता.

पुस्तक तुला पाठच असेल. नदीकाठची ती विधवा, तिची पिठाची गिरणी, तिच्यापुढे कोणाची बोलायची टाप नाही. थोरला मुलगा मान खाली घालून दळतो. मुलीला दळण नको, तिला समुद्र बघायचाय. तो थोरला एकदा पावसात चिंब भिजून घरी येतो. त्यानं कपडे बदलले की नाही हे लिहिणाऱ्यानं लिहिलेलंच नाही! चार पानं मी त्याच घोरात होतो.

माझा स्वभाव तुला माहीत आहे. कोणाचं पुढे काय होतं ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. आई चहा ठेवायला उठली तेव्हा मी हळूच शेवटचं पान वाचलं. मुलगी परत येते, पण म्हातारी गेल्यावर. अंथरुणाची घडी घातलेली असते आणि मुलगी त्या घडीकडे बघत उभी राहते. हे तू कॉलेजात मुलांना शिकवतेस? त्यांचे आईबाप काही बोलत नाहीत?

तुझ्या आईला हे मी ऐकवणार नाही. काहीतरी करीन.

पाणी उकळून पीत जा.

तुझे बाबा


गुरुवार, १४ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,

आशीर्वाद.

तुझं पत्र औषधवाल्यानं दिलं. "लेकीचं का हो?" असं अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारून दिलं.

तू पहिल्याच ओळीत विचारलंस, आई स्वतः का वाचत नाही? नेमकं तिथंच बोट ठेवलंस. आता लपवून काय करू.

आईला दिसत नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही, उजेड कळतो, माणूस आलं ते कळतं. किती दिवसांपासून ते देव जाणे. ती हाताच्या सवयीनं कापत होती, मला पत्ता लागू दिला नाही. बेकरीवाल्याच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लागल्या तेव्हा उघड झालं. तो आरशासमोर उभा राहून म्हणाला, "काकू, मला दोन डावे हात आहेत असं कोणी सांगितलं तुम्हाला?" मी हसलो. तुझी आई हसली नाही. तिनं बाहीवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला, आणि स्टुलावर बसली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोतीबिंदू पिकलाय, तो काढता येईल. पण आत काचबिंदूही वाढतोय, आणि त्यानं गेलेली नजर परत येत नसते. ऑपरेशन लवकर करा. आई त्यांना काय म्हणाली माहीत आहे? "पुस्तक चाललंय. ते संपू दे, मग बघू."

बाईंनी मला विचारलं, "किती पानं राहिलीत, काका?"

ते मी कसं सांगणार? कारण पुस्तक आता पुस्तकात राहिलेलंच नाही. मुलगी घर सोडून जाते तिथपर्यंत मी इमानानं वाचलं. पुढच्या पानावर मी तिला परत आणली. माझ्या मनानं. मग पंचाईत अशी झाली की छापलेल्या पुस्तकात ती जहाजावर आणि माझ्या पुस्तकात स्वयंपाकघरात. रोज नवीन रचावं लागतं. गिरणीला नवं चाक बसवलं. थोरल्याचं लग्न लावलं, नवरी आपल्या कापडवाल्याच्या मुलीसारखी केली, थोडी उंच. संपवायला जातो तेव्हा ती अंथरुणाची घडी डोळ्यांपुढे येते आणि मी आणखी एक पाहुणा आणतो. पुस्तक संपत नाही म्हणून ऑपरेशन होत नाही. माझ्याच हातानं मी तिची नजर घालवतोय. पण थांबलो तर खरा शेवट वाचावा लागेल, त्याचीही भीती वाटते.

परवा हिय्या करून म्हटलं, पुस्तक राहू दे, आधी डोळे. तर म्हणाली, "डोळे उघडून बघायचं काय? ते झाकलेलं मशीन?"

तुझं मशीन अजून तिच्या मशीनशेजारीच आहे. त्यावरचं कापड ती दर आठवड्याला धुते. हे मी लिहिणार नव्हतो.

तू दुकान सोडून शिकवायला निघालीस तेव्हा ती जे बोलली, की पुन्हा या उंबऱ्यात पाय ठेवू नकोस, ते तू शब्दाला शब्द धरून बसलीस, आणि तीही. दोघी एकाच ताग्यातल्या. मी मधलं अस्तर, दोन्हीकडून घासतो.

तू लिहितेस, "बाबा, शेवट वाचला म्हणजे पुस्तक वाचलं असं नाही. मधली पानं वाचा, म्हातारी तिथं बदलते." बदलून उपयोग काय, जातेच ना शेवटी? पण तू म्हणतेस तर वाचीन. आता काय करू ते लिही. नाहीतर नको, तोवर उशीर होईल.

तुझे बाबा


शुक्रवार, २२ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. मी पकडला गेलो.

मंगळवारी मी चांगला रंगात आलो होतो. गिरणीवाली मुलीच्या हातात किल्ल्या देते, असं काहीतरी चाललं होतं. आई एक उसवलेली शिवण चाचपत बसली होती. म्हणाली, "अहो, तुम्ही वाचता तेव्हा अडखळता."

"हो. मग?"

"गेला आठवडाभर एकदाही अडखळला नाहीत."

मी उगाच पान उलटलं.

"आणि कापडवाल्याच्या मुलीच्या हनुवटीवरचा तीळ त्या नवरीच्या हनुवटीवर कसा गेला?"

मी म्हटलं, "कळलं होतं, तर ऐकत का बसलीस?"

ती शिवण चाचपत राहिली. मग म्हणाली, "बरं वाटत होतं. पोर घरी आलेली होती ना."

मी पुस्तक मिटलं. तिनंच पुढे सांगितलं, "आता खरं वाचा. जे असेल ते."

तेव्हा मागे गेलो आणि मुलगी घर सोडते तिथून पुन्हा सुरुवात केली. दुकान अर्धं बंद ठेवून वाचलं. अडखळत. तू म्हणालीस ती मधली पानं आली. आधी म्हातारी घरात मुलीचं नाव काढू देत नाही. मग एक दिवस दळण वाटताना मुलीच्या वाटणीचं पीठ बाजूला काढते, आणि कोणी बघितलं तर उंदरांसाठी आहे म्हणते. इथं आई जोरात हसली. मग म्हातारी नावाड्याला विचारते, जहाजं कुठल्या धक्क्याला लागतात. आणि एका सकाळी मुलीची शाल घेऊन चालत निघते. शेवटच्या वळणापर्यंत जाते. तिथून परत फिरते. मुलीनं ओळख दाखवली नाही तर, या भीतीनं. पुन्हा कधीच जात नाही. पुढे ते शेवटचं पान. ते वाचताना मी अडखळलो ते जोडाक्षरांमुळे नाही.

वाचून झाल्यावर मी तिच्याकडे बघितलंच नाही. इस्त्री तापत ठेवली. कपडा नव्हताच इस्त्रीला.

मागून तिनं विचारलं, "वळणापर्यंत गेली होती ना ती?"

"हो."

"बंदर दिसत होतं?"

"डोलकाठ्या दिसत होत्या, असं लिहिलंय."

"आणि परत फिरली!"

"हो."

"बावळट बाई!" असं ओरडली की समोरचा न्हावी बाहेर डोकावला. "इतकी पानं घालवून बदलली आणि ऐन वेळी पाय आखडला? डॉक्टरीणबाईंना फोन लावा. मी येते म्हणून सांगा."

येत्या गुरुवारी सकाळी ऑपरेशन आहे. आधी उजवा डोळा. शुक्रवारी पट्टी काढतील. मला झोप नाही. वीज गेली तर? बाईंना नेमकी शिंक आली तर? बाई तरुण आहेत, हीसुद्धा काळजी. आई म्हणते, "म्हाताऱ्या असत्या तर हात थरथरेल म्हणून काळजी केली असती. तुम्हाला काळजी मिळाली की पोट भरतं."

हे इथवर लिहिलं आणि तिनं विचारलं, "काय एवढं खरडताय? भिंगरीलाच ना?" मी दचकलो. म्हणाली, "औषधवाल्यानं मला पहिल्याच पत्राला सांगितलंय. सरका, आणि मी सांगते ते लिहा. आपल्या पदरचं घालू नका."

तर पुढचं तिचं आहे, मी फक्त हात चालवतो.

"शुक्रवारी पट्टी निघते. तेव्हा समोर तुझे बाबा नकोत. त्यांचं तोंड मी जन्मभर पाहिलंय. रजा मिळत नसेल तर तसं कळव, तू पोचेपर्यंत मी पट्टीला कोणाला हात लावू देणार नाही. डॉक्टरीणबाईंना काय म्हणायचं ते म्हणू देत.

उंबऱ्याचं मी बोलले होते. ते दुसऱ्या कोणी बोललं नव्हतं. आता हेही मीच बोलते. ये.

पुस्तक बरं आहे. पण त्या बाईबद्दल मला तुझ्याशी भांडायचंय."

सही स्वतः करणार म्हणाली. जागा दाखवू का विचारलं, तर "मला माझं नाव लिहिता येतं" म्हणाली. मग पेन हातात घेऊन कागदाची कड चाचपली, आणि नाव न लिहिता हे लिहिलं. ओळ वर चढली आहे, कागदाबाहेर जाणार होती. मी कागद सरकवला, तेवढंच माझं.

तुझी आई