गट क्रमांक ११७ मधील कुरण, माझ्या पश्चात

मी, निलम रतनसिंग आडे, वय २९, कृषी पदवीधर, अविवाहित, राहणार डोंगरकड्याजवळचा तांडा, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली, हे मृत्युपत्र कोणीही न सांगता स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्या हृदयाची झडप निकामी झाली आहे, डोके नाही. हे आधी नोंदवते, कारण माझा थोरला भाऊ कुलदीप तांड्यात सांगत असतो, "गोळ्यांनी तिचं डोकं फिरून राहिलं."

१. वरील गटातील अठ्ठावीस एकर कुरण वडिलांनी बक्षीसपत्राने मला दिले. पाण्याखालची काळी जमीन कुलदीपला गेली. कुरणात तेव्हा चारा नव्हता, कमरेएवढे गाजरगवत होते. "घे निलम, तुझ्या शिक्षणाला लई काम हाय," असे तो म्हणाला. सगळे हसले. आईही हसली.

२. सहा पावसाळे मी ते साफ केले. फुलावर येण्याआधी मुळासकट उपटले, मोकळ्या जागी त्याला दाबून टाकणारा तरोटा पेरला, गाजरगवताचीच पाने खाणारे मेक्सिकन भुंगे सोडले. तिसऱ्या वर्षी कुलदीपने त्या भुंग्यांना पिकावरची कीड समजून विष फवारले. "लेकरं पाळायच्या वयात किडे पाळून राहिली," हेही त्याचेच. मी पुन्हा भुंगे आणले. आज तिथे पवना आणि मारवेल ही चाऱ्याची गवते उभी आहेत.

३. कुलदीपची पहिली बायको पेमा त्याच्या शेतातले गाजरगवत उघड्या हातांनी उपटत असे. मी तिच्यासाठी आणलेले हातमोजे त्याने परत पाठवले. "हात काय मिरवायला न्यायचे हायत?" तिचे हात, मान, पापण्या फुटल्या. तांड्याने महारोग ठरवला. ही गाजरगवताची ॲलर्जी आहे, असे मी सांगितले, डॉक्टरांचा कागदही दाखवला. आई जिवनबाई म्हणाली, "कागद ऱ्हाऊ दे. हिच्या हातचं कोण खाईल?" त्याने पेमाला माहेरी कनेरगाव नाक्याला सोडले आणि दुसरी केली.

४. सदर कुरण, त्यातील विहीर आणि गवताच्या गंज्या मी पेमाला पूर्ण मालकीने देते. तिथे आता तिचे अंग उठणार नाही. कुलदीपच्या म्हशी आजवर याच कुरणावर जगल्या. माझ्या मरणाच्या अंदाजाने त्याने मोठा गोठाही बांधायला घेतला आहे. अट अशी की, त्याचे एकही जनावर कुरणात चरणार नाही, एकही पेंढी त्याच्या गोठ्यात जाणार नाही, विकतसुद्धा नाही. जनावर शिरल्यास कोंडवाड्यात घालावे. पेमाने दया दाखवली, तर त्या दिवसापासून कुरण उत्तमसिंगचे होईल, ज्याच्याशी कुलदीपचा बांधावरून कज्जा चालू आहे. पेमाचा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून ही अट घालावी लागली.

५. आईला ते हातमोजे द्यावेत. न वापरलेले आहेत.

६. अंमलबजावणी हिंगोलीचे वकील बंडोपंत सेलूकर करतील. सही होताच कागद त्यांच्या कपाटात जाईल.

७. साक्षीदार दोन. पहिले डॉ. शौनक पाठक, ते सहीआधी मला तपासतील. दुसरा कुलदीप. मी शुद्धीत होते असे त्याच्याच सहीने नोंदले गेले, म्हणजे माझे डोके फिरले होते हे त्याला कोर्टात सांगता येणार नाही. "दादा, आधी वाचून घे," असे मी काल त्याला म्हटले. तो गोठ्यावर पत्रे चढवत होता. "घरच्या कागदाचं काय वाचायचं? कुठं करू, तेवढं सांग."

शेवटच्या पानावर, असे मी सांगितले.

(सही) निलम रतनसिंग आडे

निलम आडे यांनी पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने आमच्यासमोर सही केली:

१. (सही) डॉ. शौनक पाठक, कळमनुरी
२. (सही) कुलदीप रतनसिंग आडे, भाऊ

स्थळ: डोंगरकडा
दिनांक: १४ जुलै २००४