सात चौकटी, सहा अक्षरं

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला गेला का, की अजून आल्यागेल्याला खोकून दाखवतात? आम्ही इकडे सगळे धडधाकट आहोत, फक्त आम्हाला वेड लागलं आहे. तेव्हा काळजी करू नकोस, आणि हे पत्र भावोजींना मोठ्याने वाचून दाखवू नकोस, ते आधीच आमच्या घराला हसतात.

तुला ठाऊकच आहे, ह्यांनी पडदे, उशा आणि सोफ्याची कव्हरं शिवायचं दुकान काढलं. दुकान म्हणजे एक मशीन, एक कापायचं टेबल आणि कापसाची पोती (कापूस आता आमच्या चहातही सापडतो). पाटी इंग्रजीतच हवी हा ह्यांचा हट्ट. वेल्डरकडून त्यांनी एक लांबलचक पाटी करून घेतली, तिला सात चौकटी आणि प्रत्येकीच्या मागे एक दिवा. सातच का, तर पत्रा तेवढाच होता. मग भंगारवाल्याकडून कुठल्याशा बंद पडलेल्या दुकानाची स्टीलची अक्षरं पोत्यात भरून आणली (कसलं दुकान, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही). अक्षरं सातच आहेत असं भंगारवाला छातीवर हात ठेवून सांगत होता. घरी पोतं उपडं केलं, तर खणखण करत बाहेर पडले सी, एच, एन, ओ, एस आणि यू, वर एक कडी, थोडे गंजके खिळे आणि एक सरळसोट पट्टी. सातवं अक्षर गायब. हे उलट पावली भांडायला गेले, तर तो म्हणाला, मी दिलं होतं, तुम्ही हरवलंत. हे तोंड पाडून परत आले. पट्टी मात्र मी उचलली, कारण स्वयंपाकघराची खिडकी उघडी राहत नव्हती.

आता बाबांचं सांगते. सासूबाई गेल्यापासून आमचे सासरे बोलणंच विसरले होते. जेवायला हाक मारली की यायचे, ताटातलं निम्मं ठेवायचे आणि पुन्हा खुर्चीत. मला फार भीती वाटायची, ताई. घरात माणूस आहे आणि नाही, असं होतं ते. पण त्या दिवशी अक्षरांचा खणखणाट ऐकून ते उठून आले. सगळा जन्म ऑफिसात इंग्रजी टाइप करण्यात गेलेला माणूस. टेबलाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "ही सहाही ज्यात आहेत असा सात अक्षरी शब्द असणारच. सातवं अक्षर आपण करून घेऊ. मिळेल." कितीतरी महिन्यांनी त्यांचं एवढं लांब बोलणं ऐकलं आम्ही. मी फोडणीसाठी घेतलेला चमचा हातात धरून तशीच उभी राहिले.

तेव्हापासून जेवायच्या टेबलावर अक्षरं आणि आम्ही जमिनीवर. बाबा पाठीशी ह्यांनी शिवलेली चौकोनी उशी घेऊन बसतात आणि अक्षरं सरकवतात. एकदा दाताच्या डॉक्टरांकडे तोंडाचा आ करून पडले असताना त्यांना शब्द सुचला. सुचला तो सुचला, तोंड मिटून सांगायला गेले, आणि आत डॉक्टरांचं बोट होतं. बोटाला पट्टी बांधत बिचाऱ्या डॉक्टरांनीच मोजून दिलं: ‘अनचोझन’, अक्षरं आठ, चौकट एक कमी. शिवाय अर्थ काय, तर कुणीच न निवडलेला. हे म्हणाले, दुकानावर असं लिहिण्यापेक्षा मी कुलूपच लावतो. पण ह्यांचं तरी डोकं कुठे ठिकाणावर आहे? परवा फोटोग्राफरच्या पडद्याला स्वतःच्या सदऱ्याचं टोक शिवून बसले. फोटोग्राफर पडदा काखेत मारून निघाला, त्याच्यामागे हेही निघाले, आणि दारापर्यंत दोघांनाही वाटलं की समोरचा निरोप द्यायला येतो आहे.

कोपऱ्यावरचे औषधवाले रोज संध्याकाळी एखाद्या गोळीचं नाव घेऊन येतात. बाबा म्हणतात, हा शब्द नाही. ते म्हणतात, मी रोज विकतो. मग दोघं तास तास भांडतात, आणि जाताना औषधवाले उशी विकत घेऊन जातात, कारण नुसतं भांडून जायला बरं दिसत नाही. अख्खी गल्ली असे शब्द घेऊन येते. बिननावाच्या पाटीमागचे सातही दिवे आम्ही लावून ठेवतो आणि लोक दिवे बघून आत येतात. ह्यांना मान वर करायला फुरसत नाही. बाबा दोनदा भात मागून घेतात. तर असं आमचं ठीक चाललं आहे, गुडघ्याला जप.

तुझीच,
धाकटी

ता. क. काल खिडकीची पट्टी पुसताना तिला दोन भोकं दिसली, बाकीच्या अक्षरांना आहेत तशीच. ताई, तो आय आहे. मी मनातल्या मनात सगळी जुळवली आणि मटकन खाली बसले, तेही कुशनवर. हो, कुशन, तोच शब्द. आम्ही रोज शिवतो, त्यावर बसतो, त्यावर बसून शोधतो. मी पट्टी गुपचूप खिडकीला लावून टाकली. शब्द सापडला की बाबा पुन्हा खुर्चीत जातील, आणि मला ते बघवणार नाही.

ता. क. दुसरा. पत्राचं खरं कारण हे. भावोजींच्या बंद झालेल्या क्विझ क्लासची पाटी तुझ्या माळ्यावर आहे ना? तिच्यातला झेड काढून पाठव. भंगारवाल्याकडे सातवं सापडलं असं सांगेन. झेड घालून ते जन्मभर शोधत बसतील.

ता. क. तिसरा. पत्र टेबलावर ठेवून दूध उतरवायला गेले, परत आले तर बाबा ते वाचत होते. त्यांनी पत्राची नीट घडी घातली आणि म्हणाले, पट्टी मी पहिल्याच आठवड्यात ओळखली, खिडकीला छान बसली आहे, राहू दे. आणि तुझ्या ताईला लिही, झेड नको, क्यू पाठव. क्यूमागे यू लागतोच, आणि यू आपल्याकडे आहे, त्यामुळे माणसं आशा सोडत नाहीत.