लसणीची कोळंबी आणि माळ्यावरची पेटी

१५ जानेवारी १९३५, अलिबाग

दादाचा शाळेतला मित्र आला आज. पत्र्याची ट्रंक घेऊन. आणि ट्रंकेत काय – तर मिरच्या! पाहुणा पेढे आणतो, फळं आणतो. हा मिरच्या घेऊन आला. मोठ्या, काळपट, सुरकुतलेल्या – जणू मुनसफ कोर्टातले जुने कारकून. वास घेतला. तिखट नाही. तपकिरीच्या जवळचा काहीतरी.

मोरेश्वरराव नाव. मूळचे श्रीवर्धनचे. पोरवयात घरातून पळाले ते तेल वाहणाऱ्या आगबोटीवर, भटारखान्यात. आता बोट सोडली म्हणतात. "आठ दिवस राहीन म्हणतो, कृष्णाताई."

आठ दिवस राहीन म्हणणारा माणूस मिरच्या कशाला आणतो?

१७ जानेवारी

पाहुण्याने आज माशाचं भुजणं खाल्लं आणि ताटावर बसूनच राहिला. "हे कुणी केलं?" दादा म्हणाला, "आमच्या कृष्णीनं. अन्नपूर्णा आहे!" अन्नपूर्णेला मात्र तिच्या हातचं चालत नाही. आमच्या जातीत विधवेने मासा खायचा नाही; रांधायला हरकत नाही. शास्त्र जिभेला लागू, हातांना नाही. मोठी सोयीची वाटणी.

वहिनी जेवताना माझ्याकडे बघत होती. मी वर पाहिलं तशी नजर ताटात. कोकिळा नाव आहे तिचं, पण आवाज काढत नाही. न बोलणाऱ्या माणसाचं मला नेहमी भय वाटतं. बोलणारा निदान कळतो.

१८ जानेवारी

नीराबाई कोळीण आली थळहून. टोपलीत टपोरी कोळंबी.

"घे गो ताय, जित्ती हाय, बग कशी उऱ्या मारते!"

मी भाव करायच्या आत पाहुणा मागून पुढे. "सगळी द्या. डोकी ठेवा." नीराबाईनं त्याला खालवर पाहिलं. "डोकी ठेवून काय करता, शेट? त्यांच्याशी बोलता?"

मग म्हणे आज स्वयंपाक मी करणार. मेक्सिको देशातला! चूल माझी, तवा माझा, आणि हा बाप्या लुंगी आवळून पाटावर. खोबरं नाही, चिंच नाही, हळद नाही. नुसती लसूण – मूठभर! – तेल, त्या मिरच्या आणि लिंबू. मी दाराशी पाठ करून तांदूळ निवडत होते. न वळताच मी म्हणाले, "उतरवा. लसूण करपली."

"तुमची तर पाठ होती इकडे!"

"पाठ होती. नाक कुठे विधवा झालंय?"

तो हसला. वहिनीही हसली – माजघरात, तोंडावर पदर धरून. मी पाहिलं. ही का हसली?

१९ जानेवारी

काल करपली म्हणून आज पुन्हा. या खेपेला मीच केली, त्याने नुसतं सांगितलं. लसूण ठेचायची नाही, कापायची. तेल जेमतेम कोमट असतानाच टाकायची. वाळल्या पेंढ्याचा रंग आला की काढून बाजूला. मग त्याच तेलात मिरची, मोठ्या आचेवर कोळंबी – ती लाल होऊन वाकडी झाली की पुरे. लसूण परत वर, लिंबू पिळायचं, संपलं. आमच्याकडे एवढ्या वेळात वाटण सुद्धा वाटून होत नाही. ही कसली रांधप! पण वास – वासाबद्दल खोटं लिहिणार नाही. शेजारचे सोवळे भटजी दोनदा "सहज" कुंपणाशी येऊन गेले.

"मीठ बघा," तो म्हणाला.

"मी चाखत नाही."

"मग इतकी वर्षं मीठ कसं घालता?"

"वाफेवर कळतं."

मग म्हणाला, बोट बिघडली तेव्हा ताम्पिको नावाच्या बंदरात अडकलो होतो. एका विधवेच्या खानावळीत राहिलो. हे तिनेच शिकवलं.

"विधवा, आणि मासे खाते?"

"खाते, विकते, आणि गिऱ्हाइकाने नाव ठेवलं तर त्याला झाऱ्याने बडवते."

देश बरा दिसतो.

२१ जानेवारी

सोमवार. मासळी नाही, तरी पाहुणा चुलीभोवती. कोठी बघतो. एकदम चाळीस माणसांचा भात लावाल का विचारतो. मी म्हटलं, दादाच्या लग्नापासून चाळिसाखाली कधी लावलाच नाही. काय चौकश्या! आणि त्याहून नवल – वहिनी स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. "वन्सं, भुजण्याला लसूण किती ठेचता?" पंधरा वर्षांत विचारलं नाही ते आज! मी "अंदाजाने" म्हटलं. मग म्हणते, "अंदाज म्हणजे किती?"

काहीतरी शिजतंय. आणि पहिल्यांदाच ते मी शिजवत नाहीये.

२३ जानेवारी

ओटीवर दोघं बोलत होते. मी चहा घेऊन गेले तर दादा एकदम गप्प, मग हवापाण्याच्या गोष्टी. पण दाराआड असताना ऐकलं ते ऐकलंच –

पाहुणा: "त्या तिथं सुखात राहतील, मी सांगतो."

दादा: "तिला विचारायची गरज नाही. मी सांगेन तेच होईल."

'तिथं' म्हणजे कुठं हे कळायला मला वकिलाची सनद नको. मागच्या वर्षी दादाच म्हणाला होता, पुण्याला विधवांसाठी चांगला आश्रम निघालाय, बायका सूत काढतात, भजनं म्हणतात. तेव्हा मी म्हटलं होतं, माझी भजनं ऐकून आश्रम बंद पडेल. हसण्यावारी गेलं. गेलं नव्हतं म्हणायचं!

म्हणजे असं – वहिनी स्वयंपाक शिकून घेते, पाहुणा ओळखीने जागा लावून देतो, आणि मी सूत काढते. सगळं जुळतं. फार जुळतं.

२४ जानेवारी

दादाने शाल आणली मला. लोकरीची! वर म्हणाला, "कृष्णे, तू या घराचा खांब आहेस."

खांबाला कुणी विचारतं का, तुला उभं राहायचंय का म्हणून? आणि अलिबागेत लोकरीची शाल कशाला? थंडी पुण्याला.

२६ जानेवारी

वहिनीकडे हळदीकुंकू. मी नेहमीप्रमाणे आत, वाटली डाळ करत. बाहेर बायकांचा कलकलाट, सगळ्यांना पाहुण्याच्या कोळंबीबद्दल ऐकायचं होतं. कुणीतरी विचारलं, "मग कृष्णाबाईंनी पण चाखली की काय?" आणि मोठा हशा. त्यावर वहिनीचा आवाज आला, चक्क मोठ्याने: "चाखली तर काय समुद्र आटणार आहे?"

हशा बंद. मी हातातली डाळ तशीच धरून उभी. हिला माझी बाजू घ्यायचं कारण काय? कापायच्या आधी बकऱ्याला हार घालतात, तसं?

२९ जानेवारी

झालं. पुरावा मिळाला.

दुपारी मागच्या अंगणात गेले तर माझी पेटी! लग्नात दिलेली, माळ्यावर धूळ खात पडलेली – ती उन्हात उघडी टाकलेली, आतून पुसलेली, कडुनिंबाचा पाला घातलेला. वहिनी हातात फडकं घेऊन उभी. मला पाहून गोरीमोरी झाली. मी तशीच आत आले.

चुलीवर कोळंबी तयार होती, पाहुण्याच्या पद्धतीची, मीच केलेली. तव्यासमोर बसले. म्हटलं, काढणारच आहेत ना घराबाहेर? मग निदान काहीतरी गुन्हा केलेला तरी असू दे! एक उचलली आणि खाल्ली. डोक्यासकट. मग दुसरी. मग मोजलं नाही.

वीस वर्षांनी.

चव काय लिहू? आधी लसूण गोड लागते, मग लिंबू, आणि ती मिरची अगदी शेवटी, घशापाशी, धुरासारखी. मी रडत होते असं कुणी म्हणेल तर सांगेन मिरचीने. ती मिरची तिखट नाही हे घरात फक्त दोघांना ठाऊक.

३० जानेवारी

सकाळी वहिनीला विहिरीवर गाठलं. "माझी पेटी का काढलीत? कधी पाठवताय पुण्याला?"

"पुण्याला?" ती कळशी खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिली. "पुण्याला कशाला? वन्सं, तुम्हाला खरंच काही माहीत नाही?"

मग सांगितलं. मोरेश्वरराव गिरगावात खानावळ काढतायत. घर घेतलंय, त्यांची म्हातारी आई तिथंच असते. स्वयंपाकघर चालवणारी बाई हवी आहे – नोकर नाही, निम्मी मालकीण. पहिल्या भुजण्याच्या दिवशीच त्यांनी दादाला विचारलं. दादा नाही म्हणाला. आठवड्यापूर्वी ओटीवर पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. आणि मला सांगायचं नाही अशी पाहुण्याला शपथ घातली. पेटी मात्र वहिनीने आपणहून काढली, मी जावं म्हणून.

म्हणजे आश्रम नाही. घालवायचं नाही. उलट – सोडायचंच नाही! शाल त्यासाठी. आणि मी मूर्ख, नसत्या आश्रमावर चिडून कोळंबी खाऊन बसले. शंका चुकली, कोळंबी पोटात.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"मी सांगितलं असतं तर तुम्हाला खरं वाटलं असतं?"

उत्तर दोघींना माहीत होतं. कळशी तिनेच उचलली.

१ फेब्रुवारी

दादाला विचारलं. जेवायला वाढता वाढताच. पाहुणा ताटात तोंड घालून बसला.

दादा: "लोक काय म्हणतील? वकिलाची बहीण खानावळ चालवते!"

"मग आत्ता काय चालवते? तुझी अशिलं, त्यांची पोरं, कोर्टातले पाहुणे – पाटी तेवढी लावलेली नाही."

"तुला इथं काय कमी आहे?"

"विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

तो उठला. अर्ध्या ताटावरून. आमच्या घरात कुणी माझं वाढलेलं अर्धं टाकून उठलं नव्हतं कधी. उंबऱ्यात थांबून म्हणाला, "गेलीस तर रडत परत यायचं नाही."

मी आमटी झाकून ठेवली. मोरेश्वरराव हळूच म्हणाले, "ताई, खानावळ बुडूही शकते. ते आधीच सांगतो." या सबंध पंधरवड्यात मला संशय न आलेलं हे पहिलं वाक्य.

२ फेब्रुवारी

झोप नाही. जावं तर परत यायची वाट बंद. राहावं तर – राहण्यात काय आहे ते मला तोंडपाठ आहे.

मोरेश्वरराव पुढे मुंबईला गेले. सोमवारच्या बोटीची वाट बघतो म्हणाले. आलात तर धक्क्यावर, नाही आलात तर राग नाही.

४ फेब्रुवारी, रेवस बंदर

टांग्यातून आले. बोट लांबवर दिसते आहे. दादा ओटीवरूनच आत गेला. वहिनी मात्र पोचवायला इथवर आली. शेवटी विचारलंच तिला, "माझ्यासाठी एवढं का केलंत?"

"तुमच्यासाठी?" तिने समुद्राकडे पाहिलं. "वन्सं, लग्न होऊन आले त्या दिवसापासून त्या घरात मला चूल नव्हती. तुमची होती."

इतक्या वर्षांत हा एक संशय मला आला नव्हता. कमरेला हात गेला. कोठीची चावी अजून तिथंच! काढून तिच्या हातात दिली.